शेवटचा डबा

शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. पुण्याहून दौंडला जाणारी लाइन भीमेच्या पलीकडून यवत, केडगाव, पाटस करत जाते आणि दौंडहून मनमाडकडे निघालेली लाइन घोड नदीच्या पलीकडून काष्टी, बेलवंडी करत नगर गाठते. दोन्ही नद्यांनी ठरवून आम्हाला मधे ठेवलं आणि रूळ बाहेरून नेले. तरीसुद्धा न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवरून, शेतीची लाइट रात्रपाळीची असली की, एक गाडी हमखास सुटते. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल दिव्याखाली पिवळ्या पत्र्यावर काळ्या रंगात दोन इंग्रजी अक्षरं: एल.व्ही. सुटताना शिट्टी होते. शिट्टी झाली की वस्तीवरची कुत्री आधी भुंकायची, आता नुसती कूस बदलतात.

ही गाडी म्हणजे गार्डनानांची सायकल.

नानांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, तिथंच राहू दे. दौंडला मालगाडीवर गार्ड म्हणून त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर वडिलोपार्जित चार एकरांत घर बांधून राहिले. 2022 च्या जानेवारीत रेल्वेनं गार्ड हे नाव रद्द करून 'ट्रेन मॅनेजर' असं भारदस्त नाव दिलं. ती बातमी मी मोठ्या हौसेनं त्यांना वाचून दाखवली, तर नाना म्हणाले, "मॅनेजर म्हटलं की माणूस पुढं बसायला बघतो, गुरुजी. गार्डनं मागंच बसायचं असतं." आणि पेपर घडी घालून परत दिला.

एल.व्ही. म्हणजे लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा. आपण रेल्वे बघतो तेव्हा इंजिन बघतो. स्टेशन मास्तर मात्र बघतो शेपूट. शेवटच्या डब्यावर दिवसा ही पाटी आणि रात्री लाल दिवा दिसला, तर गाडी पूर्ण आली. नाही दिसला, तर चारदोन डबे तुटून मागं कुठंतरी अंधारात उभे असतील, असं धरायचं आणि त्या लाइनीवर दुसरी गाडी सोडायची नाही. एवढं सगळं त्या दोन अक्षरांत आहे. आमच्या शाळेतल्या पोरांना हे मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी एल.व्ही.चा अर्थ 'लय वाईट' असा लावून टाकला होता, आणि तोच वस्तीवर चालू आहे.

माझी आणि नानांची गट्टी जमली ती एका अपघातामुळं. अपघात माझा. जानेवारीचे दिवस, गळीत हंगाम ऐन भरात. न्हावऱ्याहून भजन आटोपून मी सायकलवर घरी निघालो होतो. दिवा म्हणाल तर मोबाइलची बॅटरी चालू करून सदऱ्याच्या खिशात ठेवलेली. रस्ता पायाखालचा. त्याच रस्त्यात संध्याकाळी उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन पडली होती. ट्रॅक्टरवाल्यानं रीतीप्रमाणं भोवती दगड मांडले, चाक बदललं आणि तो निघून गेला. दगड राहिले. आमच्याकडे दगड हाच धोक्याचा कंदील. फक्त कंदील गाडीबरोबर जातो आणि दगड पुढच्या माणसासाठी ठेवून जातात. पुढचा माणूस मी होतो.

साइडपट्टीच्या खाली, काटेरी बाभळीशी मसलत करत मी पडलेलो असताना शिट्टी ऐकू आली. नाना उतरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, पडून राहा. मी प्रोटेक्शन करून येतो." आणि लाल दिवा हातात घेऊन, मोठ्यानं पावलं मोजत, आलेल्या दिशेनं चालू लागले. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. मी कण्हतोय आणि हा माणूस माझ्यापासून लांब लांब चाललाय. पुढं कळलं की रुळावरून गाडी घसरली की गार्डचं पहिलं काम हेच. मागून येणारी गाडी आधी थांबवायची, कण्हणाऱ्यांकडे नंतर बघायचं. त्या क्षणी मात्र मला वाटलं, हा मदत आणायला चालत दौंडला निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना वही घेऊन घरी आले. गुडघ्याला हळद बांधलेल्या अवस्थेत माझी चौकशी झाली.

"दिवा होता?"

"मोबाइलचा होता."

"कुठं?"

"खिशात."

"उजेड रस्त्यावर पाडायचा होता का खिशातल्या पेनावर?"

"नाना, मला रस्ता दिसत होता."

"तुम्हाला दिसत होता. तुम्ही कुणाला दिसत होता?"

मी गप्प. नानांनी वहीत लिहिलं आणि सही घेण्यासाठी माझ्यापुढे धरलं. 'कारण: चालक, आपल्याला दिसतंय एवढ्यावर समाधानी.' दगडांबद्दल एक ओळ वेगळी होती, पण दोष माझ्याच खात्यावर.

नानांचं सगळं शास्त्र या एका प्रश्नातून निघतं आणि ते त्यांना ब्रेकव्हॅननं शिकवलं. मालगाडीच्या शेवटी गार्डचा जो डबा असतो, त्यात पंखा नाही, संडास नाही, आणि त्यांच्या काळात दिवाही नाही. सोलापूरकडं जाताना मालगाडी साइडिंगला घालून दिली की चार-चार तास तिथं बसायचं, किर्र अंधारात, डबा कुठं ठेवलाय ते हातानं चाचपत. पण डब्याच्या पाठीमागचा लाल दिवा पेटलेला पाहिजे. तो विझला तर गार्डची नोकरी विझते. "आत बसलेल्या माणसाला काय दिसतं याच्याशी रेल्वेला कर्तव्य नव्हतं गुरुजी. मागच्याला आम्ही दिसतोय का, एवढंच." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार कमी आणि अभिमान जास्त असतो. मला ती रेल्वेची कंजुषीच वाटते, पण ते त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही.

आमच्याकडं रात्री सायकल हाकणाऱ्यांचे प्रकार नानांना तोंडपाठ आहेत. पहिला, 'मला दिसतंय की' वाला, म्हणजे मी. दुसरा, मोबाइल दातात धरणारा. हा खड्डा आला की 'आई' म्हणतो आणि मोबाइल खड्ड्यात जातो. तिसरी कॉलेजची पोरं. यांच्या चाकांत सात रंगांचे दिवे फिरत असतात आणि हँडलला पुढं लाल ब्लिंकर. अशा एकाला थांबवून नाना विचारत होते, "बाळा, तू येतोयस का चाललायस?" पोराला प्रश्न कळेना. पुढं पांढरा आणि मागं लाल हे जगभर ठरलेलं आहे, ते दिवा बघणाऱ्याला दिशा कळावी म्हणून. लाल पुढं लावला की समोरच्याला वाटतं आपण याच्या मागं चाललोय. मग तो निवांत येतो.

चौथा प्रकार नानांना सर्वांत जिव्हारी लागतो: उजव्या बाजूनं चालवणारा. का, तर समोरून येणारं दिसतं. एका पाव्हण्यानं लग्नाच्या पंगतीत हे मत मांडलं, तेव्हा नानांनी हातातला जिलबीचा तुकडा खाली ठेवला. "पाव्हणं, दौंड-मनमाड लाइन माझ्या नोकरीत सिंगल होती. एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून आम्ही जन्मभर जागलो, आणि तुम्ही हौसेनं घालताय?" मग ताटातल्या भातावर बोटानं गणित झालं. सायकल ताशी 15, ट्रक ताशी 60. डावीकडून चाललात तर ट्रक तुमच्याजवळ येतो 45 च्या वेगानं. उजवीकडून समोर गेलात तर 75 च्या. पायी चालणाऱ्यानं उजवीकडून चालावं, त्याला चटकन बाजूला उडी मारता येते. सायकलला उडी मारता येत नाही. पाव्हण्यांनी मठ्ठा मागवला.

गणित हे नानांचं दुसरं व्यसन. माझ्या शाळेच्या मैदानात त्यांनी पोरांकडून दोरी ताणून घेतली होती. ताशी 60 नं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. काहीतरी आहे असं ड्रायव्हरला वाटून त्याचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात 25 मीटर गेले आणि ब्रेक आत्ता कुठं दाबला. दोरी पंचवीस मीटरची होती. एका टोकाला चौथीतलं पोरगं काळ्या टी-शर्टात उभं केलं, दुसऱ्या टोकाला नाना, आणि संध्याकाळ पडायची वाट बघायची. सहा वाजले, साडेसहा, सात. पोरगं दिसेनासं झालं. नाना म्हणाले, "बघा, गेलं." पोराची आजी नेमकी त्याच वेळी त्याला न्यायला आली होती. तिनं ते ऐकलं, आणि पुढचा अर्धा तास तिची समजूत घालण्यात गेला.

कपड्यांबद्दल मात्र त्यांचं म्हणणं मला पटतं. पूर्वी गावचा माणूस आपादमस्तक पांढरा होता. धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी. चंद्र नसला तरी बांधावरून येणारे तात्या अर्ध्या फर्लांगावरून ओळखू यायचे. तुकोबांची पालखी यवत, वरवंड करत जाते, तेव्हा पहाटेच्या अंधारातही सोलापूर रोडवर पांढरा लोंढा कळतो. आता पोरं काळ्या पँटी आणि काळे टी-शर्ट घालून काळ्या सायकलवर डांबरी रस्त्यानं जातात. स्वतःला झाकायला याहून जास्त काय करता येईल, मला सांगा.

नानांची सायकल ॲटलास. तिला बाटलीएवढा डायनामो. टायरला टेकवला की घर्रर्र आवाज येतो, पायडल जड होतं आणि दिवा लागतो. जेवढी तंगडमोड तेवढा उजेड. पण डायनामोची एक खोड आहे, थांबलं की तो झोपतो. म्हणजे मोरीजवळ ट्रकला वाट द्यायला तुम्ही थांबलात, की नेमके तिथं अंधारात. म्हणून मागचा दिवा नानांनी बॅटरीवरचा लावला. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, खूप आग्रह केला, तेव्हा संध्याकाळी भाकरी खाल्ली, पण सायकलीकडे पाठ करून.

दिव्यावरून एक जुनी हकिकत ते नेहमी सांगतात. बिनदिव्याची सायकल पोलीस धरायचे त्या काळातली. घासलेटचा दिवा लावायचा कंटाळा करून माणूस निघायचा आणि चौकात हवालदारानं अडवलं की सांगायचा, आत्ताच वाऱ्यानं विझला साहेब. हवालदार काही न बोलता दिव्याच्या पत्र्याला हात लावायचा. पत्रा गार लागला की पावती. नाना अजूनही कुणाच्या सायकलच्या दिव्याला हात लावून बघतात. हल्लीचे दिवे पेटलेले असले तरी गारच लागतात, त्यामुळं त्यांचा संशय कधीच फिटत नाही.

घासलेट गेलं, आता नानांचा जीव रेडियमवर. शिरूरला गाड्यांवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' चिकटवणाऱ्या दुकानातून ते उरलेल्या पट्ट्या किलोवर आणतात. मडगार्डला लाल रेडियम, पुढं पांढरं, चाकांच्या रिमला पांढरं, पायडलला पिवळं. पायडलचं पिवळं सर्वांत गुणाचं, कारण ते वरखाली होतं. नुसता ठिपका बघून ड्रायव्हरला मैलाचा दगड वाटेल, पण ठिपका वरखाली होतोय म्हणजे खाली माणसाचे पाय आहेत, हे लांबून कळतं. सायकलवरची जागा संपल्यावर फावड्याच्या दांड्याला, कुत्र्याच्या पट्ट्याला आणि गोठ्यातल्या बैलांच्या शिंगांना रेडियम लागलं. काकूंच्या शालीपर्यंत हात गेला तेव्हा मात्र काकूंनी पट्टीचं अख्खं भेंडोळं चुलीत घालायची धमकी दिली.

हंगाम सुरू झाला की नानांची खरी ड्यूटी सुरू होते. पहिल्या आठवड्यात आरटीओ आणि पोलीस कारखान्यावर येऊन ट्रॉल्यांना रेडियम लावून जातात, फोटो निघतात. संक्रांतीपर्यंत त्यावर चिखल बसतो, आणि त्याच्यावरून पाचटाच्या झिपऱ्या लोंबतात. दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, टेप मोठ्यानं चालू, पुढं अप्पर आणि मागं काळोख. नाना रात्री चहाच्या टपरीवर फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन बसतात, ट्रॅक्टर थांबला की ट्रॉलीचा पार्श्वभाग पुसतात. बैलगाडीवाले तर झोपेतच असतात, बैलांना कारखाना पाठ. बीडकडच्या एका गाडीवानानं विचारलं, "आबा, याचं द्यायचं काय?" नाना म्हणाले, "काय नको. उतारावर तेवढा जागा राहा." समोरून अप्पर मारत कुणी आलं तर नाना त्याच्या दिव्याकडं बघत नाहीत, डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्टीकडं बघत जातात, आणि पट्टी नसेल तिथं कडेच्या गवताकडं. दिव्याकडं बघितलंत तर नंतर बराच वेळ डोळ्यांपुढं नुसती अंधारी. हे मी करून पाहिलं आहे, उपयोगी आहे.

बिबट्याबद्दल हसत लिहिणं मला जमणार नाही. 2025 च्या दिवाळीच्या आगेमागे जांबूत-पिंपरखेडकडं माणसं गेली, त्यात लहान लेकरं होती. तेव्हापासून शेतीला लाइट दिवसाच द्या ही मागणी इकडं भाकरीइतकी खरी झाली आहे. नानांनीही त्यानंतर एकट्यानं जाणं सोडलं. मोटार चालू करायला रात्री दोघांनी जायचं, बोलत जायचं, मोबाइलवर गाणं लावायचं. याला ते डबल हेडिंग म्हणतात, म्हणजे एका गाडीला दोन इंजिनं. दुसरं इंजिन मी. एकदा उसाच्या कडेला टॉर्चच्या उजेडात दोन हिरवट ठिपके दिसले. आम्ही मागं सरकलो, नानांनी शिट्टी फुंकली, ठिपके गेले. घरी येऊन पाणी प्यायल्यावर नाना एवढंच म्हणाले, "देवानं त्याला रेडियम लावून पाठवलंय गुरुजी. आपल्याला आठ रुपयांचं लावायचा कंटाळा."

या सगळ्या कारभारात स्टेशन मास्तरचं पद काकूंकडे आहे. निघताना नाना अंगणात सायकल धरून उभे राहतात आणि विचारतात, "लाइन क्लिअर?" काकू पडवीतून, बहुधा जांभई देत, "जावा एकदाचं," म्हणतात. मोटार चालू करून नाना परत येतात, पडवीसमोरून न थांबता मागच्या गोठ्याकडं जातात. पडवीतून काकूंना मग सायकलची पाठ दिसते. लाल दिवा दिसला की त्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात वेळ टाकतात आणि पुढं लिहितात, 'पूर्ण'. मगच दाराची कडी काढतात. हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. मला आधी वाटायचं काकू नवऱ्याचं मन राखतात. नंतर लक्षात आलं, तो लाल दिवा दिसल्याशिवाय त्यांना झोपच लागत नाही.

पौषातल्या एका रात्री धुकं पडलं होतं. मला घराशी सोडून नाना पावणेएकला परत गेले आणि दहा मिनिटांत माझ्या दाराशी शिट्टी वाजली. नाना हातात टॉर्च घेऊन उभे.

"काय झालं?"

"मास्तरनं घेतलं नाही. गाडी अपूर्ण आहे म्हणती."

मागचा दिवा पाटीसकट कुठंतरी गळून पडला होता. स्क्रू ढिला. मी म्हटलं, "नाना, सकाळी शोधू." नानांनी माझ्याकडं असं बघितलं की मी निमूट चप्पल घातली. चालताना ते काकूंवर चिडलेले नव्हते, उलट खूश होते. "नियमानं बरोबर आहे तिचं. शेपूट नाही तर लाइन नाही."

मोरी यायच्या आधीच टेपचा आवाज कानावर आला. धुक्यात उसाचा ट्रॅक्टर, पाठीमागं दोन भरलेल्या ट्रॉल्या, रस्त्यात उभा. इंजिन चालू, हॉर्नवर हॉर्न. पुढं दहा हातांवर, साइडपट्टीच्या गवतात नानांचा दिवा पडलेला, लुकलुक करत, आणि शेजारी एल.व्ही.ची पाटी. ड्रायव्हर आम्हाला बघून ओरडला, "आहो, तुमच्या त्या सायकलवाल्याला बाजूला घ्या की! पंधरा मिनिटं झाली, हलतच नाही गडी!"

नानांनी दिवा उचलला, पाटी धोतराला पुसली, टॉर्चवर हिरवी काच सरकवली आणि ट्रॅक्टरला हिरवा दाखवला. ट्रॅक्टर गेला.

कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात काकूंच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 1 वाजून 50 मिनिटं. पूर्ण.